कोलायटिसचं औषध चालू आहे, पण काम करतंय का?

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला ‘कसं काय?’ विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, ‘ठीक चाललंय.’ जरा खोलात शिरलं की कळतं, दिवसातून पाच वेळा संडासला जावं लागतंय, आठवड्यातून एखाद-दोनदा रक्त दिसतंय, आणि पुण्याहून कोल्हापूरला एसटीने जायचं म्हटलं तर आदल्या रात्रीपासून जेवण बंद ठेवावं लागतंय. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या डोळे आधी संडास शोधतात. लोकलने जाणारा माणूस घाईची वेळ आली तर कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते मनाशी ठरवून ठेवतो. हे सगळं इतकं हळूहळू अंगवळणी पडतं की त्याला त्रास म्हणावं असं वाटेनासं होतं. अशा ‘ठीक’वर समाधान मानू नका, हे सांगण्यासाठीच हा लेख. आतड्याची सूज अजून उतरलेली नाही आणि चालू उपचार पुरा पडत नाही, अशी शक्यता अशा वेळी मोठी असते, आणि ती तपासून घेता येते.

या आजारात मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर व्रण पडतात, त्यातून रक्त आणि आव पडते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि तिथून सलग वर सरकते. कुणाची गुदाशयापुरतीच राहते, कुणाची डाव्या बाजूपर्यंत जाते, कुणाचं सगळं मोठं आतडं व्यापते. आपली कोलायटिस कुठपर्यंत आहे हे प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवं, कारण कुठलं औषध कुठून द्यायचं ते त्यावर ठरतं. हा पाश्चात्त्यांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथे लाखामागे सुमारे ४४ रुग्ण असल्याचं दिसलं. तरीही आजही कित्येकांचे सुरुवातीचे महिने मूळव्याधीच्या मलमात नाही तर आवेच्या गोळ्यांमध्ये जातात. शौचाबरोबर रक्त आणि आव मिसळून पडते आहे, घाई आवरत नाही, रात्री झोपेतून उठावं लागतंय आणि हे काही आठवडे चाललंय, तर दुर्बिणीची तपासणी आणि आतड्याचा तुकडा तपासणं टाळू नये.

औषधाने हा आजार मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो. शांत म्हणजे किती शांत, याचं माप गेल्या काही वर्षांत बदललं. पूर्वी रुग्णाला बरं वाटलं की डॉक्टर आणि रुग्ण दोघंही थांबत. या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये जी उद्दिष्टं मांडली, त्यात बरं वाटणं ही पहिली पायरी आहे. त्यानंतर सुजेच्या खुणा, म्हणजे रक्तातलं सीआरपी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, खाली यायला हव्यात, आणि पुढे दुर्बिणीतून पाहिल्यावर अस्तर भरून आलेलं दिसायला हवं. रोजचं आयुष्य अडखळत नसणं हेही त्या उद्दिष्टांमध्ये आहे. अस्तर भरून आलं की आजार पुन्हा उसळण्याचा धोका घटतो, शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता कमी होते. आतल्या आत धुमसत राहिलेली सूज मात्र काही वर्षांनंतर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

म्हणून आपल्या हातात काहीतरी मोजमाप असलं पाहिजे. साधी वही पुरते. रोज रात्री चार गोष्टी टिपायच्या: किती वेळा गेलो, रक्त दिसलं का, रात्री उठावं लागलं का, आणि घाई आल्यावर किती वेळ धरवलं. शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत, लाज वाटते. खरं तर कामधंदा आणि प्रवास यांना सगळ्यात जास्त तीच नडते. कपडे खराब झाले असतील तर तेही लिहा. महिनाभराची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवली तर ‘अधूनमधून’, ‘थोडंफार’ असल्या शब्दांना जागाच उरत नाही.

वहीच्या जोडीला कॅलप्रोटेक्टिन. शौचाचा छोटा नमुना लॅबमध्ये द्यायचा, बस्स. आतड्यात सूज असली की हे प्रथिन शौचात वाढतं. ढोबळमानाने १५०च्या खाली असेल आणि रक्तही पडत नसेल तर आतडं शांत असण्याची शक्यता जास्त, २५०च्या वर असेल तर सूज आहे असं समजून पुढचा विचार करायचा. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करून पाहायचा. जंतुसंसर्गाने आणि दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो, त्यामुळे एका आकड्यावर हवालदिल होऊ नये. याची दुसरी बाजूही आहे. पोटात कळा येतात, दिवसातून चारदा जावं लागतं, पण रक्त नाही आणि कॅलप्रोटेक्टिन अगदी कमी, असे रुग्ण बरेच असतात. सूज उतरल्यावरही त्यांचं आतडं हळवं राहिलेलं असतं. अशा वेळी औषधाची मात्रा वाढवून काही साधत नाही, उपाय वेगळा लागतो. उपचार पुन्हा तपासायचे याचा अर्थ दर वेळी जास्त जोराचं औषध असा होत नाही.

औषध फसलं असं म्हणण्याआधी काही गोष्टी पडताळून पाहाव्या लागतात, आणि त्यातली पहिली आपल्याच घरात असते. मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्या मोठ्या, दिवसाला दोन ग्रॅमपासून जवळजवळ पाच ग्रॅमपर्यंत घ्यायच्या, त्याही वर्षानुवर्षं. बरं वाटू लागलं की आधी दुपारची गोळी सुटते, मग उपासाच्या दिवशीची, मग पाकीट संपल्यावर नवं आणायला आठवडा लागतो. अमेरिकेत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषध नेमाने न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका नेमाने घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक दिसला. गोळ्या सुटत असतील, परवडत नसतील, गिळायला त्रास होत असेल, तर तसं स्पष्ट सांगा. दिवसभराचा डोस एकदम घेता येईल का, पावडरची पुडी मिळेल का, हे विचारता येतं. न सांगता राहिलात तर डॉक्टर हे औषध निकामी ठरलं असं समजून पुढचं, जास्त जोखमीचं औषध लिहून देतील.

दुसरं, औषध सुजेच्या जागी पोचतंय का? आजार गुदाशयात किंवा डाव्या बाजूला असेल तर नुसत्या तोंडाने घेतलेल्या गोळ्यांपेक्षा गोळ्या आणि एनिमा यांची जोडी जास्त गुण देते. गुदाशयापुरताच असेल तर रात्री झोपताना मेसालामाइनची एक ग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सारायची वडी, हा पहिला उपाय आहे. आपल्याकडे एनिमा म्हटलं की नाकं मुरडली जातात. चिठ्ठीवर लिहिलेला असतो, पण आणलाच जात नाही, किंवा एकदा वापरून सगळा बाहेर आला म्हणून सोडून दिला जातो. तो टिकवायची एक रीत आहे. आधी शौचाला जाऊन यायचं. बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात धरायची, गार औषधाने आतडं लगेच आवळतं. बाटली नीट हलवायची, पलंगावर जुना टॉवेल अंथरायचा, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाकडे घ्यायचा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डाव्या बाजूला असतो, म्हणून डावी कूस. टोकाला थोडं व्हॅसलिन लावायचं, बाटली सावकाश दाबायची आणि दाबलेलीच बाहेर काढायची. त्याच कुशीवर अर्धा तास पडून राहायचं, मग झोपून जायचं. पहिले काही दिवस औषध फार वेळ राहणार नाही, कारण आतडं सुजलेलं आहे. सूज उतरेल तसं ते रात्रभर राहू लागतं. फारच त्रास होत असेल तर काही दिवस फेस किंवा सपोझिटरी वापरून मग एनिमाकडे वळता येतं.

तिसरं म्हणजे संसर्ग. कोलायटिस उसळली असं वाटतं तेव्हा कधी आतड्यात जंतू शिरलेले असतात. पावसाळ्यात तर हे ध्यानात ठेवायलाच हवं. शौचाची तपासणी, त्यात क्लोस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जंतूची चाचणी, ही स्टिरॉइड वाढवण्यापूर्वीची किमान पायरी. महिना-दोन महिन्यांत कुठल्याही कारणाने अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा. स्टिरॉइड घेऊनही गुण येत नसेल तर आतड्याच्या तुकड्यात सीएमव्ही हा विषाणू शोधावा लागतो. आणि चौथं, दुखण्यावरच्या गोळ्या. गुडघे दुखले, पाठ धरली की मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक सहज आणल्या जातात. काही रुग्णांत त्यांच्यामुळे आजार उसळतो. तापाला-दुखण्याला पॅरासिटामॉल बरी. सांधे वारंवार धरत असतील तर तो याच आजाराचा भाग असू शकतो. डोळा लाल होऊन दुखणं आणि नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येणं यांचंही तसंच. हे पोटाच्या डॉक्टरांना सांगायचं असतं, त्याने औषधाची निवड बदलू शकते.

आता स्टिरॉइड. यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण उपचार फसल्याची सगळ्यात मोठी खूण इथे असते आणि तीच नजरेआड होते. कॉर्टिसोन या स्टिरॉइडने कोलायटिस आटोक्यात येते हे ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये दाखवलं. त्याने खरोखर जीव वाचले, आजही वाचतात. मेसालामाइनने भागत नाही तेव्हा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी साधारण ४० मिलिग्रॅमने सुरू करून दर आठवड्याला थोडी थोडी उतरवत सुमारे दोन महिन्यांत बंद करतात. उसळलेला आजार ती खाली आणते, पण खाली आलेला आजार टिकवून धरणं तिला जमत नाही. तरी काय होतं? गोळीने चार दिवसांत रक्त थांबतं, भूक लागते, चेहरा भरतो, नातेवाईक म्हणतात ‘तब्येत छान झाली हं’. गोळी बंद केली की महिनाभरात पुन्हा रक्त. मग जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परत तीच गोळी. असं करत करत वर्षं जातात, आणि हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू येतो, मुलांची वाढ खुंटते.

तज्ज्ञ यासाठी काही रेषा आखतात, त्या पाठच करून ठेवाव्या अशा आहेत. स्टिरॉइड सुरू केल्यापासून तीन महिन्यांत रोजची मात्रा १० मिलिग्रॅमच्या खाली आणता येत नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार उलटतो, तर रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून झाला असं मानतात. एका वर्षात दोनदा स्टिरॉइडचा कोर्स लागला तरी पुढच्या उपचाराचा विचार व्हायला हवा. यातलं काहीही तुमच्या बाबतीत घडत असेल तर पुढच्या भेटीत ‘आता स्टिरॉइडशिवाय मला कशावर ठेवता येईल?’ हे विचारा. विचारण्यात कसला उद्धटपणा नाही. फक्त एक करू नका: काही आठवड्यांपासून चालू असलेली स्टिरॉइड एका दिवसात आपल्या मनाने बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. आणि कुणी नाव-गाव नसलेल्या पुड्या देत असेल, त्याने चमत्कारासारखा गुण येत असेल आणि चेहरा गोल होत असेल, तर पुडीत स्टिरॉइड आहे का अशी शंका घ्यायला जागा आहे.

प्रत्येक औषधाला त्याचा वेळ द्यावा लागतो, पण त्या वेळेलाही मर्यादा असते. मेसालामाइनची पुरी मात्रा आणि एनिमा चालू असूनही दोन आठवड्यांत रक्त थांबण्याची चिन्हं नसतील तर डॉक्टरांना कळवावं. तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडला दोन आठवड्यांत नीट गुण यायला हवा. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सावकाश काम करतं, त्याला तीन महिने तरी लागतात. ते चालू असताना रक्तातल्या पेशी आणि लिव्हरची तपासणी चुकवू नये, सुरुवातीच्या आठवड्यांत तर मुळीच नाही. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला बदल भारतीयांत आणि इतर आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो. तो असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने अचानक घसरतात आणि केस झपाट्याने गळतात. या बदलाची चाचणी आधी करून घेता येते. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब यांसारख्या बायोलॉजिक इंजेक्शनांचा हिशेब साधारण दोन ते साडेतीन महिन्यांनी मांडतात. टोफासिटिनिबच्या गोळ्यांचा आठ आठवड्यांनी, थोडाफार गुण दिसत असेल तर सोळा आठवड्यांनी. सुरुवातीला लागू पडलेलं इंजेक्शन वर्षा-दोन वर्षांनी उपयोगी पडेनासं होतं, असंही घडतं. तेव्हा रक्तातली औषधाची पातळी आणि त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजून मात्रा वाढवायची की औषध बदलायचं ते ठरवता येतं.

या पुढच्या औषधांची भीती लोकांना फार वाटते. काही भीती रास्त आहे. आपल्या देशात इन्फ्लिक्सिमॅब-अडालिमुमॅबच्या आधी क्षयरोगाची तपासणी, म्हणजे छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी, व्हायलाच हवी, कारण शरीरात दबून बसलेला टीबी या औषधांनी डोकं वर काढतो. तपासणी स्वच्छ आली तरी इंजेक्शनं चालू असताना दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं दिसलं तर लगेच सांगावं. हिपॅटायटिस बी आधी तपासावा आणि लसी आधीच उरकून घ्याव्या. जिवंत जंतूंच्या लसी नंतर चालत नाहीत. टोफासिटिनिबने नागीण उठण्याची शक्यता वाढते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्यांना किंवा धूम्रपान करणाऱ्यांना ते जपून द्यावं लागतं, गरोदरपणात टाळतात. पण वर्षानुवर्षं स्टिरॉइड खात राहणं आणि सुजलेलं आतडं वागवणं यांचीही जोखीम आहे, आणि ती या औषधांपेक्षा कमी आहे असं धरून चालणं चूक आहे. खर्चाचं म्हणाल तर इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅबचे बायोसिमिलर आणि टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या भारतात मिळतात, त्यामुळे आधी जे फक्त ऐकायला मिळायचं ते आता अनेकांच्या आवाक्यात आलं आहे. महागड्या औषधाचं नाव ऐकून गप्प बसण्यापेक्षा किंमत विचारा.

लागू पडलेलं औषध पुढे अपुरं पडतं, याचं एक उदाहरण पाहा. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून हाच आजार होता. २००७ मध्ये तो बळावला आणि त्यांनी पद सोडलं. नंतर नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षं राहिले. २०२० च्या जून महिन्यातल्या नेहमीच्या तपासणीत आजार उलटल्याची चिन्हं दिसली, ऑगस्टमध्ये ते पक्कं झालं, नवं औषध जोडलं गेलं आणि २८ ऑगस्टला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. एवढी वर्षं लागू पडलेलं औषधसुद्धा एखाद्या वर्षी अपुरं पडू शकतं. त्यात रुग्णाचं काही चुकलेलं असतंच असं नाही.

काही वेळा मात्र पुढच्या भेटीची वाट पाहायची नसते. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्याच्या जोडीला १०० अंशांच्या वर ताप, नाडी ९०च्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी, पोटाचे तज्ज्ञ आणि सर्जन दोघंही असतील अशा रुग्णालयात दाखल व्हावं. पोट फुगून ताठ झालं तर तासाचाही उशीर नको. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या अशा वेळी घेऊ नयेत, आतडं फुगून फाटण्याचा धोका वाढतो. रुग्णालयात शिरेतून स्टिरॉइड सुरू करतात आणि तिसऱ्या दिवशी हिशेब मांडतात: जुलाब किती उरले, सीआरपी किती. उतार नसेल तर त्याच सुमारास दुसरं औषध किंवा शस्त्रक्रिया, हे ठरवायचं असतं. ‘अजून दोन दिवस बघू’ असं घरच्यांनी म्हणत राहणं इथे घातक ठरतं. मोठं आतडं काढल्यावर काही काळ किंवा कायम पोटावर पिशवी येते. अनेकांच्या बाबतीत लहान आतड्याचाच कोश करून गुदद्वाराशी जोडता येतो, मग पिशवी लागत नाही. वेळेवर केलेली शस्त्रक्रिया आणि शेवटच्या क्षणी केलेली शस्त्रक्रिया यांत जिवाचा फरक असतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाची खिचडी, सोललेली-शिजवलेली भाजी, पचत असेल तर ताजं ताक. तिखट, तळण आणि कच्च्या कोशिंबिरी काही दिवस दूर. आजार शांत झाल्यावर मात्र घरचं सगळं जेवण हळूहळू परत सुरू करा. गहू सोडला, दूध सोडलं, डाळी सोडल्या, असं करत कित्येक रुग्ण नुसते वाळत जातात आणि आजार होता तिथेच राहतो. एखादा पदार्थ बाधतो का ते वहीवरून कळतं. बाधत नसेल तर सोडू नका. लोह, बी१२ आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासा. मेसालामाइन चालू असेल तर क्रिएटिनिनही.

सगळं छान चाललेलं असतानाही उपचारांकडे पुन्हा पाहण्याच्या काही वेळा असतात. मूल हवं असेल तर आधी सहा महिने तरी आजार शांत असू द्या आणि औषधं तेव्हाच तपासून घ्या. बहुतेक औषधं गरोदरपणात चालू ठेवता येतात. भीतीने ती बंद केल्यावर उसळणारा आजारच बाळाला जास्त अपाय करतो. सल्फासालाझिन घेणाऱ्या पुरुषांत शुक्राणू घटतात, औषध बदललं की ते पूर्ववत होतात. अझाथायोप्रिन अनेक वर्षं चालू असेल, वय साठीला आलं असेल, तर ते अजून लागतंय का हे विचारायला हवं. आणि पहिली लक्षणं दिसल्याला आठ वर्षं झाली असतील तर काहीही त्रास नसला तरी कर्करोगाची पाहणी म्हणून दुर्बिणीची तपासणी करायची, पुढची किती वर्षांनी ते त्यातल्या निष्कर्षावर ठरतं. यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी हा आजार जोडीला असेल तर ही पाहणी निदान झाल्यापासून दर वर्षी. आपली पहिली लक्षणं कुठल्या साली सुरू झाली, हे फायलीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा. त्याखाली आजार कुठपर्यंत आहे, आजवर कुठली औषधं किती मात्रेत आणि किती दिवस घेतली, प्रत्येक स्टिरॉइड कोर्सची तारीख, आणि शेवटच्या कॅलप्रोटेक्टिनचा आकडा.